सुखोई-२५टी घेऊन पाच मिशनं : कामाच्या नोंदी

डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर फुकट मिळतो. त्याच्याबरोबर सुखोई-२५टी हे रशियन हल्ला विमान आणि कॉकेशसचा नकाशाही फुकटच येतो. निपाणीचा माझा मावसभाऊ या गेमच्या मिशन एडिटरमध्ये मुरलेला आहे. पाच मिशनं तो मांडणार, मी ती याच विमानानं पुरी करणार, असं ठरलं. नियम तीन. शत्रूच्या गाड्यांवर नावाच्या पाट्या दिसणार नाहीत. विमानाला अभय नाही. आणि परत धावपट्टीवर उतरून इंजिनं बंद केली तरच मिशन पुरं. आमच्या भागातल्या आणखी कुणाला हे करायचं असेल तर माझे वाया गेलेले तास त्याचे वाया जाऊ नयेत, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

८ जून २०२५

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, सेटर आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसरी सुटून वडगावात घरी पोचायला रात्रीचे बारा होतात, तेव्हा या कामाचे निम्मे तास मध्यरात्रीनंतरचे आहेत.

गेम उतरवायला तीन रात्री गेल्या. दीडशे जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा, आणि ती एसएसडीवरच. आधी साध्या हार्ड डिस्कवर टाकला होता. एक मिशन उघडायला इतका वेळ लागायचा की मधे चहा करून व्हायचा. जुनी एसएसडी २,२०० रुपयांना घेतली आणि तो प्रश्न मिटला. रॅम १६ जीबी आहे, तेवढ्यावर भागतं.

जॉयस्टिक एका मित्राकडून ९०० रुपयांना घेतली. दांडा चांगला आहे. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची पट्टी मात्र उड्या मारते: ४० टक्क्यांवर ठेवली तर ३० आणि ५५ यांच्यामध्ये नाचते.

१४ जून

थ्रॉटल स्वतःच केला. कारखान्यात भंगारात पडलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा दांडा, दोन छोटे चुंबक, चुंबकाचं क्षेत्र मोजणारा एक हॉल सेन्सर आणि त्याचा आकडा संगणकाला देणारा प्रो मायक्रो बोर्ड. मालकांना विचारून सुट्टीच्या दिवशी जुन्या लेथवर दोन तास काढले.

चूक अशी झाली की फिरणारा शाफ्ट मी साध्या लोखंडी बारचा केला. चुंबकाच्या शेजारी लोखंड आलं की चुंबकाचं क्षेत्र तिकडे ओढलं जातं. सेन्सरचा आकडा अर्ध्यापर्यंत नीट चढायचा आणि पुढे हलायचाच नाही. दोन रात्री मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. शेवटी शाफ्ट पितळेचा केला आणि पहिल्याच फेरीत शून्य ते शंभर सरळ रेघ मिळाली. खर्च ७४० रुपये.

डोकं फिरवलं की पडद्यावरची नजर फिरावी म्हणून टोपीवर तीन इन्फ्रारेड दिवे लावले, समोर जुना पीएस-३ चा कॅमेरा ठेवला आणि ओपनट्रॅक हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा काचेचा तुकडा काढायचा आणि त्याच्या जागी जुन्या फ्लॉपीची काळी फिल्म लावायची. खर्च ६८० रुपये. चाललं.

२२ जून. मिशन १

सेनाकी-कोल्खीच्या तळावरून उड्डाण. गालीजवळ रस्त्यावर ट्रकांचा ताफा. सोबत एक शिल्का, म्हणजे २३ मिलिमीटरच्या चार नळ्यांची तोफ, आणि एक स्ट्रेला-१०, म्हणजे उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांची गाडी. ताफा कुठे आहे एवढं भावानं सांगितलं. रक्षणाला काय आहे ते मी मरून शोधलं.

माझ्या डोक्यात सुरुवातीपासून बसलेलं होतं की विमानानं जमिनीला चिकटून जायचं म्हणजे शत्रूला दिसत नाही. पहिले चार प्रयत्न तसेच केले. झाडांच्या शेंड्यांवरून गेलो आणि चारही वेळा शिल्कानं फोडलं. शिल्काचा पल्ला अडीच किलोमीटर. खालून जाताना ट्रक नजरेला पडेपर्यंत मी त्या अडीच किलोमीटरच्या आतच असायचो. शिवाय सुखोई-२५टी जड आहे. पंखाखाली माल भरला की वळतानाच तो दमतो.

पुढच्या सात प्रयत्नांत विखर क्षेपणास्त्रं वापरली. विमान अशी १६ उचलतं. नाकातला श्क्वाल कॅमेरा लक्ष्य धरून ठेवतो, लेझर चालू करायचा, आणि क्षेपणास्त्र त्या झोतातून धावत जातं. दोन क्षेपणास्त्रं मी लेझर चालू न करताच घालवली. बटण उजवी शिफ्ट आणि ओ. कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. लेझर उगाच चालूही ठेवू नका. तो तापतो, आणि नेमका हवा तेव्हा थंड व्हायला वेळ मागतो.

या सातांतले पाच स्ट्रेलानं घेतले. सूचना देणारा बेर्योझा नावाचा दिव्यांचा डबा रडार ओळखतो. स्ट्रेला उष्णता बघते, रडारनं माग काढत नाही, म्हणून एकही दिवा लागत नाही. शेपटीकडून धूर येतो आणि सगळं संपतं.

२३ जून, रात्री दीड

आज विमान उडवलं नाही, वही घेऊन बसलो. नवा जॉब लावताना आम्ही आधी सेटिंग शीट भरतो: टूल किती बाहेर, चक कुठे, मधे किती मोकळी जागा. इथे ते न करताच मशीन चालू केलं होतं.

वेग ताशी ४०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १११ मीटर. विखर आठ किलोमीटरवरून सोडलं तर पोचायला सुमारे २० सेकंद लागतात, घड्याळ लावून मोजले. तेवढ्या वेळात लक्ष्य कॅमेऱ्यात धरून ठेवावं लागतं, म्हणजे मला त्याच्याकडे तोंड करूनच उडावं लागतं. श्क्वाल डावी-उजवीकडे ३५ अंशांपर्यंतच वळतो. २० सेकंदांत मी २.२ किलोमीटर पुढे गेलो. उरले ५.८. भरलेलं विमान वळवायला पाऊण किलोमीटर जातो. उरले ५.०५. स्ट्रेला-१० चा पल्ला पाच किलोमीटर.

म्हणजे टॉलरन्स पन्नास मीटरचा. आणि तो एका क्षेपणास्त्रापुरता. पहिलं लागल्यावर "समोरच आहे, अजून एक टाकू" म्हणून दुसरं सोडलं, की ते पोचायच्या आत मी पाच किलोमीटरच्या आत. वेग ५५० असेल तर पहिल्याच क्षेपणास्त्राला आत.

टॅकव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये आतापर्यंतची अकरा मरणं पुन्हा बघितली. शिल्काची सुरुवातीची चार सोडा. उरलेल्या सातांपैकी सहा वेळा माझं पहिलं क्षेपणास्त्र लागलेलं आहे, आणि मी मेलोय तो दुसऱ्याच्या मागे.

२८ जून. मिशन १ पुरं

एका फेरीत एकच विखर, असं ठरवून गेलो. आधी स्ट्रेला, कारण तिचा पल्ला सगळ्यांत लांब. आठ किलोमीटरला समोरच्या, आकडे दिसतात त्या काचेवर रशियन लिपीत 'पीआर', म्हणजे आता सोडा, उमटलं, सोडलं, वीस आकडे मोजले, लागलं, लगेच डावीकडे वळून फ्लेअर, म्हणजे उष्णतेचा चकवा देणारे जळते गोळे, टाकत बाहेर. दहा किलोमीटर लांब जाऊन दुसऱ्या दिशेनं आलो आणि शिल्का. मग ट्रक, तेव्हा कुठे तोफ वापरली. ३० मिलिमीटरच्या २०० गोळ्या असतात. बोट दाबून धरलं तर दोन-तीन झटक्यांत संपतात, म्हणून टिचकीसारखं दाबायचं.

उतरताना पंखाखाली अजून बारा विखर होती. एवढं वजन घेऊन नेहमीच्या वेगानं आलो, जमिनीवर आपटून उसळी मारली आणि नाकाचं चाक मोडलं. नियमाप्रमाणे मिशन अपुरं. पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वेळी ताशी २७० च्या आसपास टेकवलं आणि लगेच मागची छत्री उघडली. रात्रीचे अडीच वाजले होते. भावाला फोटो पाठवला.

एकूण १३ प्रयत्न, साडेनऊ तास.

५ जुलै

विमानाशी संबंध नसलेली गोष्ट, पण हिनं मला तीन संध्याकाळी छळलं. टोपीवरचे दिवे लावून खेळताना अचानक नजर सरकन छताकडे किंवा मागे जायची. लक्ष्य धरलेलं असताना असं झालं की संपलंच. दिव्यांचं सोल्डरिंग पुन्हा केलं, कॅमेरा बदलून बघितला, ओपनट्रॅक काढून परत टाकलं.

मग लक्षात आलं की दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, म्हणजे मध्यरात्री खेळतो तेव्हा, हे कधीच होत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यातच होतं, तेही संध्याकाळी सातच्या सुमाराला. आज कॅमेऱ्याचं कच्चं चित्र उघडून बसलो. काळ्या पडद्यावर माझ्या टोपीचे तीन ठिपके. पावणेसातला आई आली, "काय करूलालास रे अजून? जेव की" म्हणत माझ्या मागच्या देव्हाऱ्यात तिनं समई लावली, आणि पडद्यावर चौथा ठिपका उगवला. ज्योत हलेल तसा हलणारा.

ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर निघतो. कॅमेऱ्याला ती आणि माझा दिवा सारखेच. टेबल फिरवून पाठ भिंतीकडे केली. खर्च शून्य. संध्याकाळी असा त्रास होत असेल तर आधी पाठीमागे बघा.

१२ जुलै. मिशन २

कोडोरीच्या दरीत चार रणगाडे. रक्षणाला खांद्यावरून डागायची इग्ला क्षेपणास्त्रं घेतलेले सैनिक, किती आणि कुठे ते माहीत नाही.

इग्लाची उंचीची मर्यादा साडेतीन हजार मीटर. मी शहाणपण करून ४,२०० मीटरवरून गेलो. पहिल्याच फेरीत लागलं. परत गेलो, परत तेच. वाटलं भावानं काहीतरी वेगळं लपवलं आहे. फोन करून भांडलोही. तो म्हणाला, "दादा, इग्लाच आहे. तू नकाशा बघ की नीट."

काचेवर दिसणारी उंची समुद्रसपाटीपासूनची. त्यानं सैनिक दरीत ठेवलेच नव्हते, दोन्ही बाजूंच्या डोंगरांच्या धारेवर ठेवले होते. धार १,७०० मीटरवर. म्हणजे माझ्या आणि त्यांच्यामधलं अंतर अडीच हजार. पंधराशे मीटरच्या आत जमीन आली की काचेवर उंचीशेजारी रशियन 'आर' उमटतो आणि खरी उंची कळते, पण त्याच्या वर सगळा हिशोब आपणच करायचा.

तेव्हापासून सेटिंग शीटमध्ये एक रकाना वाढवला: वाटेवरच्या सगळ्यांत उंच जागेची उंची. गेममध्ये एफ-टेन नकाशावर कर्सर ठेवला की ती दिसते. तिच्यात शत्रूची मर्यादा मिळवायची, वर पाचशे मीटर सोडायचे, आणि जाताना-येताना त्याच्या खाली उतरायचं नाही.

१३ जुलै. मिशन २ पुरं

५,७०० मीटर. माल भरलेल्या विमानाला तिथे पोचायला फार वेळ लागतो, म्हणून तळावरून उलट दिशेला जाऊन समुद्रावर चढून घेतलं. शेपटीत सुखोग्रुझ नावाचा उष्णतेचा चकवा देणारा दिवा आहे, तोही लावून ठेवला. वरून श्क्वालमध्ये रणगाडे ठिपक्यासारखे दिसतात, झाडाच्या सावलीला हटकून लॉक बसतं. लक्ष्याचा आकार किती मीटर ते श्क्वालला सांगता येतं. रणगाड्याला दहा मीटर ठेवला तेव्हा सावल्या धरणं थांबलं. उंचावरून कुणाचीच भीती नसल्यामुळे इथे एका फेरीत दोन-दोन विखर सोडली. चार फेऱ्या. सुखरूप उतरलो.

हे विमान जॉर्जियातच, तिबिलिसीच्या कारखान्यात बनायचं. पहिल्या सुखोई-२५ नं १९७५ मध्ये उड्डाण केलं. ज्या डोंगरांवरून मी ते उडवतो आहे त्यांच्या पलीकडेच ते लेथवर, मिलिंगवर कुणीतरी घडवलं, हे कामावर जॉब लावताना आज सारखं आठवत होतं.

२० जुलै

पाऊस कोसळतोय. मिशन ३ चा दुसरा प्रयत्न, एक तास दहा मिनिटं उडून परतीच्या वाटेवर होतो आणि लाइट गेली. मधे सेव्ह करायची सोय तेव्हा इथे नव्हती. दुसऱ्या दिवशी ३,१०० रुपयांचा यूपीएस आणला. तो बारा-पंधरा मिनिटं काढतो, उतरायला तेवढी पुरतात. पावसाळ्यात आमच्याकडे हे करायचं असेल तर हा खर्च सुरुवातीलाच करा.

२६ आणि २७ जुलै. मिशन ३

पूल पाडायचा, दोन ओसा त्याच्या रक्षणाला. ओसाच्या प्रत्येक गाडीवर तिचं स्वतःचं रडार आणि स्वतःची क्षेपणास्त्रं असतात. पल्ला दहा किलोमीटर, उंची पाच हजार. विखर आठ किलोमीटरचं, म्हणजे हिशोबात दोन किलोमीटर कमी पडतात. शीटवरच कळलं की समोरून जायचं नाही. त्यामुळे या मिशनला मी एकदाही ओसाच्या क्षेपणास्त्रानं मेलो नाही.

तरी पहिला प्रयत्न वाया गेला. रडारचा माग काढणारी ख-२५एमपीयू क्षेपणास्त्रं लावली आणि पोटाखाली फँटास्मागोरियाचा पॉड लावायला विसरलो. तो पॉड नसेल तर विमानाला रडार 'ऐकूच' येत नाही. चाळीस मिनिटं उडून, लक्ष्यासमोर जाऊन रिकाम्या हातानं परत. दुसरा प्रयत्न लाइटनं खाल्ला. तिसऱ्यात दोन्ही ओसा लांबूनच संपवल्या. एक सोडलं, वळलो, लांब गेलो, पुन्हा आलो, दुसरं. मग पुलाला ख-२९टी. त्याच्या नाकात स्वतःचा कॅमेरा असतो, सोडलं की आपण मोकळे. पूल धरायला लक्ष्याचा आकार साठ मीटरपर्यंत वाढवावा लागला, तोवर लॉक बसतच नव्हतं.

९ ऑगस्ट. मिशन ४

सुखुमीच्या बाहेर कुब या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची अख्खी बॅटरी. कुबचा पल्ला २४ किलोमीटर. माझ्याकडे रडारचा माग काढणारी दोन ख-५८, उंचीवरून सोडली तर कुबच्या कितीतरी बाहेरून जाणारी.

कुबमध्ये सगळ्या लाँचरांना दिशा देणारं रडार एकच. ते फुटलं की लाँचर आंधळे. हे मला माहीत होतं. पण काचेवर रडारांच्या तीन खुणा आल्या, मी घाईत सगळ्यांत ठळक खूण धरली आणि दोन्ही ख-५८ तिच्यावर सोडली. ते लांबचं टेहळणी रडार निघालं. कुब जशीच्या तशी, आणि माझ्याजवळ तिच्यापर्यंत पोचणारं काहीच नाही.

इथे मी परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही. डोंगराआडून खाली जाऊन विखरनं रडार मारू म्हणून गेलो. टॅकव्ह्यूत बघितलं तर डोंगराच्या वर डोकं काढल्यापासून क्षेपणास्त्र लागेपर्यंत नऊ सेकंद. विखरला वीस लागतात.

१५ ऑगस्ट

सुट्टी. मिशन ४ चे आणखी तीन प्रयत्न. पहिल्या दोन्हींत ख-५८ बरोबर रडारवर गेलं. एकदा मी फार लवकर सोडलं, ते पोचायच्या आत संपलं आणि खाली पडलं. दुसऱ्या वेळी रडार फुटलं, पण लाँचर आता आंधळे म्हणून मी खुशाल वरून गेलो आणि त्यांच्या शेजारच्या स्ट्रेलानं घेतलं. बॅटरी आंधळी झाली तरी तिच्या राखणीला ठेवलेल्या गाड्या आंधळ्या होत नाहीत. भावानं तिथे दोन ठेवल्या होत्या.

तिसऱ्यात रडार फुटल्यावर ४,५०० मीटरच्या खाली आलो नाही. लाँचर एकेक करून विखरनं मारले. दोन उरले होते तेव्हा इंधन शीटवर लिहिलेल्या आकड्याला टेकलं. परत फिरलो, उतरलो, इंजिनं बंद केली. मिशन अपुरं. पण मोडक्या विमानाऐवजी सबंध विमान परत आणलं, आणि पुढच्या वेळी किती इंधन घ्यायचं ते नेमकं कळलं.

१७ ऑगस्ट. मिशन ४ पुरं

चारशे किलो इंधन जास्त, विखर आठच. उतरलो.

२४ ऑगस्ट. मिशन ५

रात्रीचं मिशन. ओचमचिरेजवळ तोफांचा तळ, रक्षणाला एक ओसा आणि दोन शिल्का.

अंधारात श्क्वालला काही दिसत नाही. त्यासाठी मर्क्युरी नावाचा मंद उजेडात बघणारा पॉड पोटाखाली लावावा लागतो. पण फँटास्मागोरियाही पोटाखालीच लागतो आणि जागा एकच आहे. मर्क्युरी घेतला तर ओसा मारता येत नाही. फँटास्मागोरिया घेतला तर ओसा मरते, पण तोफा दिसत नाहीत. दोन रात्री मी यातून वाट शोधत होतो. मिशनमध्ये जोडीला दुसरं विमान दिलेलं आहे, तिकडे मी बघितलंच नव्हतं. आजवर एकटाच लढत आलो होतो.

जोडीदाराला, म्हणजे संगणक चालवतो त्या विमानाला, फँटास्मागोरिया आणि ख-५८. मला मर्क्युरी आणि विखर. पहिल्या प्रयत्नात त्याला हुकूम दिला, हवाई संरक्षणावर हल्ला कर. त्यानं ओसा उडवली. नंतर पंखाखाली रॉकेटं शिल्लक होती म्हणून तो तसाच पुढे शिल्कांवर गेला आणि पडला. "परत ये" हा हुकूम मी उशिरा दिला. माझं लक्ष तोफांवर होतं.

तोफा मी फोडल्या, उतरलोही. भाऊ म्हणाला, पुरं धरायचं. मी धरलं नाही. जोडीचं विमान घेऊन गेलो तर जोडीनंच परत यायचं, हा चौथा नियम मी घातला.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. काम बंद. मंडळात वीजजोडणीचं काम माझ्याकडे असतं. विसर्जनाची मिरवणूक संपून घरी आलो तेव्हा उजाडलं होतं.

१३ सप्टेंबर

दोन प्रयत्न. जोडीदाराच्या विमानावर आता दोन ख-५८ आणि पॉड, बाकी काहीही नाही. रॉकेटं काढली. जवळ काही उरलंच नाही तर पुढे जायला त्याला कारण नाही.

पहिल्यांदा तो व्यवस्थित परतला, पण मी पडलो. मर्क्युरीच्या हिरव्या चित्रात अंतराचा अंदाज येत नाही. काचेवरच्या आकड्याकडे न बघता चित्राकडे बघत राहिलो आणि शिल्कावर उतरत गेलो. दुसऱ्यांदा धावपट्टीच्या दिव्यांपर्यंत आलो. तळाला उतरायचे दिवे मागावे लागतात, रेडिओच्या यादीतून. मागितले नव्हते. अंधारात पट्टी चुकली.

२१ सप्टेंबर. मिशन ५ पुरं

जोडीदार वर सहा हजारांवर, मी त्याच्या पाठीमागे पंधरा किलोमीटर. त्यानं पहिलं ख-५८ सोडलं तेव्हाच मी घड्याळ सुरू केलं. बेर्योझावर कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा दिवा, रशियन 'एन', लागलेला होता. सत्तर-ऐंशी सेकंदांनी तो विझला. विझल्यावर लगेच पुढे गेलो नाही, अजून एक मिनिट गोल फिरत थांबलो, कारण दुसरी ओसा असेल तर ती याच वेळी रडार लावते. काही लागलं नाही. जोडीदाराला परत जायचा हुकूम दिला, आणि तो वळला हे नकाशावर बघूनच पुढे निघालो.

शिल्का अडीच किलोमीटरच्या, मी चार हजार मीटरवर. सहा तोफा, सहा विखर, तीन फेऱ्या, दर फेरी वेगळ्या बाजूनं. अंधारात प्रत्येक विखरची ठिणगी लांब जाताना दिसते, आणि ती पोचेपर्यंतचे वीस आकडे मी अजूनही तोंडानं मोजतो. आई आतून म्हणाली, झोपेत बडबडतोस काय.

सेनाकीला दिवे मागितले. जोडीदार आधीच उतरून कडेला उभा होता. त्याच्या शेजारी नेऊन लावलं आणि दोन्ही इंजिनं बंद केली. पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं.

पाच मिशनं, २८ प्रयत्न, सुमारे ३० तास उड्डाण. वहीतून मोजलं तर सामानावर ७,६२० रुपये, गेमवर शून्य.

२४ सप्टेंबर

भावानं सहावी फाइल पाठवली आहे. बुक आणि तोर या दोन विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा एकत्र. बुकच्या प्रत्येक लाँचरवर स्वतःचं रडार असतं, म्हणजे कुबसारखं एक फोडून चालणार नाही. तोर तर येणारं ख-५८ हवेतच पाडते. शीट भरायला घेतली आहे. दोन ख-५८ एकामागोमाग सोडली तर तोर पहिल्याच्या मागे किती सेकंद गुंतते, हे मोजायला भावाकडून एका तोरची रिकामी फाइल मागवली आहे. तो आकडा मिळेपर्यंत मिशन उघडणार नाही.